शनिवारचा डबा

माझ्या सुनेच्या हातचं अन्न मी आठ वर्षं घरी आणलं आणि कचऱ्यात टाकलं. हे एकदा लिहून टाकलेलं बरं. नाहीतर मी बाई अशी आहे की इकडचं तिकडचं सांगत बसेन, इथं मिशिगनमध्ये, आमच्या नोव्हाय गावात यंदा बर्फ किती पडला ते सांगेन, आणि मुद्द्याचं तेवढं गिळून टाकीन. सून आता नाही. तिला जाऊन चौदा महिने झाले. ती छत्तीस वर्षांची होती, मी अडुसष्ट. आणि भाजी निवडायला मागे राहिले मी.

ती सिएरा लिओनची. पश्चिम आफ्रिकेतला देश. मुलानं फोनवर सांगितलं तेव्हा मला नकाशा उघडावा लागला होता. अकरा वर्षांची असताना आईबरोबर अमेरिकेत आली, मेरीलँडमध्ये वाढली, फिजिकल थेरपी शिकली. माझा मुलगा इथं गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. दोघं कशी भेटली ते त्यानं मला तीनदा सांगितलं आणि मी तीनदा ऐकलं नाही. मी एवढंच विचारलं, ‘काळी आहे का रे?’ तो म्हणाला, ‘हो, आई.’ मी काही फार मोठ्या मनाची बाई नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी समजत होते की मी दुःखी आई आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना मी दोन महिने लग्नाचं सांगितलंच नाही. शेवटी एकीनं कुठूनसा फोटो पाहिला आणि हळदीकुंकवात सगळ्यांसमोर विचारलं, ‘अय्या, काकू, सून आली आणि पेढे नाहीत?’ मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. घरी येऊन मी सुनेवरच चिडले. तिचा काय संबंध होता, सांगा.

माझे यजमान मुलाच्या लग्नाआधीच गेले होते. ते असते तर पहिल्याच दिवशी दोन वाट्या भात सुनेच्या हातच्या रश्श्याबरोबर चापून खाल्ला असता आणि वर म्हणाले असते, ‘झकास!’ असो. मी तेव्हा एकटी, मुलाच्या घरापासून दहा मिनिटांवर एका लहानशा काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायची. दर शनिवारी दुपारी मुलाकडे जायचं, हे ठरलेलं.

आणि शनिवारीच तिचा तो रस्सा असायचा. त्यांच्याकडे शनिवार म्हणजे पाल्याचा रस्सा आणि भात, आईच्या घरापासूनची पद्धत. रताळ्याचा पाला घ्यायचा, आपल्या लोकांत ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही तो, आणि केसासारखा बारीक चिरायचा. दाणे भाजून त्यांची पेस्ट करायची. कांदा, झणझणीत मिरची, पामतेल, धुरात सुकवलेला मासा घालायचा, आणि मंद आचेवर तेल वर तरंगेपर्यंत शिजवत ठेवायचं. पहिल्या शनिवारी मी दारात पाऊल ठेवलं आणि त्या माशाचा वास आला. मी मनात म्हटलं, सुटले. आता सरळ नाही म्हणता येईल.

पण पोरगी हुशार. मुलानं तिला सांगून ठेवलं होतं की आई मासे खात नाही, म्हणून तिनं मासा घालायच्या आधीच माझ्यापुरतं वेगळ्या पातेल्यात काढलं होतं. झाली का पंचाईत! टेबलावर माझी ताटली मांडलेली, पातेल्यातून वाफ येतेय, ती हात पुसत उभी, मुलगा माझ्या तोंडाकडे बघतोय. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आज माझा उपास आहे. शनिवारचा. मारुतीचा.’

मी आयुष्यात कधी शनिवार धरला नव्हता.

तिला उपास म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिनं नीट विचारून घेतलं. काहीच खायचं नाही, की काही चालतं? मी आपली बोटांवर मोजत यादी दिली. दाणे चालतात, रताळं चालतं, बटाटा, साबुदाणा, हिरवी मिरची, जिरं, तूप, शेंदेमीठ. कांदा-लसूण नाही. मी बोलत गेले आणि तिचे डोळे मोठे होत गेले. ‘आई,’ ती म्हणाली, तिला माझ्या मुलानं ‘आई’ म्हणायला शिकवलं होतं आणि ती ते फार जपून म्हणायची, ‘आई, बट दॅट इज माय सूप! दाणे आणि रताळं!’ आणि तिनं चक्क टाळी वाजवली.

आता, उपासाला पालेभाजी चालत नाही, हे मला तेव्हा सांगता आलं असतं. पण माझा मुलगा माझ्याकडे असा बघत होता की पुढचं निमित्त काढायची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या शनिवारी तिनं खरंच माझ्या उपासाचा वेगळा रस्सा केला. कांदा नाही, लसूण नाही, पामतेलाऐवजी तूप, आणि शेंदेमीठ आणायला ती एकटी इंडियन ग्रोसरीत जाऊन आली होती. मी म्हटलं, ‘मी संध्याकाळी एकदाच खाते गं. डब्यात दे, घरी जाऊन खाईन.’

खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात ना, तसं मी रेटलं, आठ वर्षं. तो खोटा उपास मला खरा करावा लागला. सगळे जेवत असताना मी चहा आणि केळं घेऊन बसायची. मारुतीरायाला माझ्याइतकी नेमानं उपास करणारी दुसरी बाई मिशिगनमध्ये मिळाली नसेल. आणि दर शनिवारी निघताना ती माझ्या हातात डबा द्यायची, निळ्या झाकणाचा, अजून कोमट असलेला. घरी आले की मी सिंकखालचं दार उघडायची आणि डबा पिशवीत उपडा करायची. लहानपणी पानात घासभर भात टाकला तर माझी आई हात उगारायची. त्या आईची मी मुलगी.

एक मात्र पाळलं मी. डबा रिकामा परत करायचा नाही. आपल्याकडे नसतोच करत. स्वच्छ धुऊन, पुसून, पुढच्या शनिवारी मी त्यात काहीतरी घालून न्यायची. कधी चिवडा, कधी बेसनाचे लाडू, कधी शंकरपाळे. ती झाकण तिथंच उघडायची आणि उभ्या उभ्या एक तोंडात टाकायची. ‘आई, यू स्पॉइल मी.’ मला बरं वाटायचं. काय सांगू, मला खरंच बरं वाटायचं.

तुम्ही म्हणाल, कधीच चाखावंसं वाटलं नाही? वास तर चांगला यायचा. भाजलेल्या दाण्यांचा वास कुणाला आवडत नाही. एकदा उपडा करताना थोडं बोटाला लागलं होतं. मी बोट नळाखाली धरलं. ते चौथं किंवा पाचवं साल असेल. तोवर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ही पोरगी रोज कामावरून परस्पर माझ्याकडे येऊन माझा पाय वाकवून घ्यायची, मी शिव्या घालायची आणि ती म्हणायची, ‘वन मोअर, आई, शिव्या द्या पण वन मोअर.’ तोवर मला ती आवडायला लागली होती. नुसती आवडायला नाही. मंडळात मी ‘माझी सून, माझी सून’ करत हिंडायची, बायका कंटाळायच्या. तरी डबा कचऱ्यातच जायचा. का? घरी एकटी असताना खायला मला कोण अडवत होतं? कुणी नाही. शरम वाटायची, दुसरं काय. आता चाखायचं म्हणजे आधीचे सगळे डबे आठवायचे. त्यापेक्षा पिशवीची गाठ मारलेली सोपी.

पुढे नात झाली. तिला माशाचा वास आवडत नसे. तीन वर्षांची झाल्यापासून ती नाक दाबून म्हणायची, ‘नॉट दॅट वन, आजीवालं.’ म्हणून तिची आई माझ्याच पातेल्यातलं एक वाडगं तिला द्यायची. त्या रश्श्याचं त्या घरातलं नावच ‘आजीवालं सूप’ पडलं. तो खाणाऱ्या दोघीच, मी आणि नात. असं सगळे समजत होते.

एका मंगळवारी सकाळी सून नातीची वेणी घालत होती. डोकं फार दुखतंय म्हणाली आणि खाली बसली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. संध्याकाळी मुलानं मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून फोन केला तेव्हा त्याला बोलताच येत नव्हतं. मी कोट घालत होते आणि मला एकच गोष्ट दिसत होती. शनिवारचा डबा मी शनिवारीच उपडा केला होता. सोमवारी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. धुतलेला डबा ओट्यावर पालथा होता, आणि त्यात काय भरून न्यायचं ते मी अजून ठरवलं नव्हतं.

पुढचं वर्ष मला सलग आठवत नाही. मी मुलाकडेच राहायला गेले. तो कामावर जायचा, यायचा, टीव्ही लावून बसायचा आणि बघायचा नाही. मी वरण-भात, पोळी-भाजी करायची. नात खायची. शहाण्यासारखी खायची, दोन घास जास्त मागायची नाही की नको म्हणायची नाही. शनिवारी कुणी शनिवारचं नाव काढत नव्हतं.

मग या ऑक्टोबरमध्ये तिला ताप आला. तीन दिवस पोटात काही ठरेना. चौथ्या दिवशी ताप उतरला, मी विचारलं, ‘काय खाशील माझी चिमणी? मऊ भात करू?’ ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, ‘आजीवालं सूप.’ दारात मुलगा उभा होता. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा हलला. ‘करशील, आई? तुला माहीत असेल ना. तू तर किती वर्षं खाल्लंस.’

‘करते की,’ मी म्हणाले.

रताळ्याचा पाला चायनीज दुकानात मिळतो. देठ जांभळट, पानं बदामाच्या आकाराची. मी तीन जुड्या आणल्या, पानं निवडली, विळी तळघरातल्या खोक्यातून शोधून काढली. सून विळी वापरत नसे. पानांची जुडी मुठीत घट्ट वळायची आणि हवेतच, अंगठ्याकडे सुरी ओढत चिरायची. मी ओरडायची, ‘अगं, बोट कापशील!’ हिरवा भुगा नुसता पडत जायचा. एवढं मी पाहिलं होतं. त्यापुढचं काही पाहिलं नव्हतं, कारण ती स्वयंपाक करायची तेव्हा मी चहा पीत बाहेरच्या खोलीत बसायची.

तूप, जिरं, मिरची, पाला, दाण्याचं कूट, शेंदेमीठ. करता करता हात आपोआप गुळाकडे गेला. दाण्याचं कूट घातलं आणि गूळ नाही, हे माझ्या हाताला मान्यच नाही. नातीनं एक चमचा खाल्ला. ‘धिस इज युवर भाजी, आजी,’ ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. तिनं संपवलीसुद्धा. पण चमचा ठेवताना विचारलं, ‘मम्मा काय घालायची? तुला आठवतं ना?’

‘बघते हं,’ मी म्हटलं. ‘पुढच्या शनिवारी.’

पुढच्या शनिवारी गूळ टाळला, दाणे काळपट होईतो भाजले. ‘नो,’ ती म्हणाली. त्यापुढच्या शनिवारी दाणे मिक्सरमधून तेल सुटेपर्यंत फिरवले, तास-दीड तास शिजवलं, वर तेलाचा तवंग आला, दिसायला अगदी तिच्यासारखं. नातीनं चमचा तोंडात धरून ठेवला आणि डोळे मिटले. मग म्हणाली, ‘मीठ कमी आहे.’ मी मीठ घातलं. ‘आता आंबट पाहिजे. मे बी.’ मी लिंबू पिळलं. ‘आता... मे बी जास्त झालं.’ आधीच्या शनिवारी ती खाडकन नाही म्हणाली होती. आता ती विचार करून बोलत होती. पोर रोज थोडं थोडं विसरत होती आणि मी तिच्यासमोर उभी राहून आठवायचं नाटक करत होते. ती पूर्ण विसरली की झालं, मग या जगात ती चव कुणालाच ठाऊक असणार नाही.

मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘मी नाही गं कधी ते खाल्लं. मला मासे हवे असायचे. तुलाच माहीत.’ तिच्या फोनमध्ये, वह्यांत, कुठं काही लिहिलेलं सापडलं नाही. तिनं कधी मोजून केलंच नव्हतं. राहिल्या विहीणबाई.

विहीणबाईंना मी तीनदाच भेटले होते. लग्नात, बारशाला, आणि मग तेव्हा. उंच, ताठ बाई. मुलीच्या शवपेटीशेजारी चार तास उभ्या होत्या, खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. त्या मला ‘सिस्टर’ म्हणतात. रविवारी दुपारी मी मेरीलँडला फोन लावला आणि माझ्या मोडक्यातोडक्या, सरळ मुद्द्यावर येणाऱ्या इंग्रजीत विचारलं, ‘तुमच्या मुलीचा पाल्याचा रस्सा कसा करायचा? बिनमाशाचा.’

त्या हसल्या. मला वाटलं नव्हतं त्या हसतील. म्हणाल्या, ‘सिस्टर, बिनमाशाचा रस्सा नसतो. मी तिला हेच सांगत होते. नवीन लग्न झालेलं, आणि रोज हिचा फोन. मम्मा, मासा नसेल तर ती खोल चव कशानं येते? मी म्हटलं, कशानंच येत नाही, सोडून दे, त्या बाईला बटाटा उकडून घाल. पण ती ऐकणारी होती का? महिनोन्‌महिने करून बघत होती. टाकून द्यायची, परत करायची. एका शनिवारी तिचा फोन आला. मम्मा, सापडलं! मी विचारलं, काय घातलंस? तर म्हणते, ते तुला नाही सांगणार. तू मासे खातेस, तुला काय गरज? हे माझं आणि माझ्या सासूचं आहे.’

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

त्या पुढे सांगत राहिल्या. ‘मला काळजी होती, सिस्टर. खरं सांगते. मी म्हटलं होतं, ते लोक तुला घरात घेणार नाहीत. ती म्हणायची, मम्मा, ती माझ्या हातचं खाते. दर शनिवारी नेते, आणि डबा कधीही रिकामा परत करत नाही. एकदासुद्धा नाही. मी माझ्या सगळ्या बहिणींना हे सांगितलंय. तिकडे आमच्या देशात, फ्रीटाउनपर्यंत सांगितलंय.’ मग त्यांचा आवाज खाली आला. ‘मीच तुला विचारणार होते. दोनदा फोन हातात घेतला होता. ती चव कशी होती गं? मला ती करायचीय. माझ्या मुलीनं केलेली ती एकच गोष्ट आहे जी मी कधी खाल्ली नाही. तू खाल्लीस. तू सांग.’

खोटं बोलायची सवय मला होती. काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. थोडं तिखट, थोडं तुपकट, दाण्याचा गोडवा. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण शवपेटीशेजारी उभी राहिलेली ती बाई दिसत होती, आणि माझ्याच्यानं होईना. मी सांगितलं. उपास खोटा होता. मी एकदाही खाल्लं नाही. सगळे डबे टाकून दिले.

‘सगळे?’ त्यांनी विचारलं.

‘सगळे.’

फोन चालू होता. त्यांच्याकडे कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज येत होता. मी ‘सॉरी’ म्हटलं आणि त्या शब्दाची मला किळस आली. मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी ऐकून घेतलं असतं, रडले असते, हलकी झाले असते. पण त्या बोलल्या, अगदी सावकाश. ‘मला सांगितलंस ते सांगितलंस. पण त्या पोरीला सांगायचं नाही. माझ्या जावयालाही नाही. त्यांना वाटू दे की तिचं अन्न कुणीतरी आवडीनं खाल्लं. हे तू मरेपर्यंत जवळ ठेव. कळलं?’

‘कळलं,’ मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी फोन केलेला नाही, आणि मीही नाही.

त्यापुढच्या शनिवारी मी परत पाला आणला. का आणला, कोण जाणे. नात वाट बघत होती म्हणून. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता, मुलगा ड्राइव्हवेवर गाडीचे टायर बदलत होता. नात ओट्याशेजारी स्टुलावर चढून बसली. मी दाणे भाजले, पाला विळीवर चिरला, सगळं केलं, पण नवीन काही करून बघायला सुचलं नाही. वाडग्यात वाढलं, फुंकर घालून चमचा तिच्यापुढे धरला. तिनं खाल्लं. बराच वेळ गालात धरून ठेवलं. मग गिळलं आणि माझ्याकडे बघायला लागली, माझ्या तोंडाकडे, उत्तर तिथं लिहिलेलं असल्यासारखी.

‘धिस इज इट?’ तिनं विचारलं. ‘आजी, तू सांग ना. तू सांग.’

हो म्हटलं असतं तर संपलं असतं सगळं. तिनं मानलं असतं, आणि आयुष्यभर माझ्या हातच्या या कसल्यातरी कालवणाला ती आईची चव म्हणत राहिली असती. तेवढं एक पाप मला करवेना. आणि खरं सांगायला बंदी होती. मी गॅस बंद केला, पदर नव्हता म्हणून ओढणीनं तोंड पुसलं, आणि म्हटलं, ‘मला नाही गं आठवत, राणी. आजी विसरली.’

मला वाटलं ती रडेल. तिनं आधी खिडकीतून बाबाकडे बघितलं, तो अजून टायरशीच होता. मग माझ्या कानाशी तोंड आणलं.

‘मी पण,’ ती कुजबुजली. ‘मी पण विसरले. मीठ कमी, लिंबू जास्त, ते मी उगाच म्हणत होते. मला माहीतच नव्हतं. डॅडाला सांगू नको, ही विल बी सॅड.’

मी तिला पोटाशी धरलं. मला रडू आवरेना. अंगभर हुंदके येत होते, आणि ती सात वर्षांची पोर स्टुलावर उभी राहून तिच्या इवल्या हातानं माझी पाठ थोपटत होती.

‘इट्स ओके, आजी,’ ती म्हणाली. ‘इट्स नॉट युवर फॉल्ट. तू तर किती वेळा खाल्लंस, तरी विसरलीस. मी तर लहान होते.’

मी मान हलवली. ती परत खाली बसली, आणि मी तिच्या वाडग्यात थोडा भात वाढला.